नेसलेली तार

समडोळीच्या स्टँडमागं माझं दुकान.
पाटी नाही. पण वारणाकाठच्या
निम्म्या मोटारी मी उघड्या पाहिल्यात.
जळकं वाइंडिंग वासावरून ओळखतो:
आधी गोडसर, मग केस पेटल्यागत.
लोक म्हणतात, तांबं जळालं.
तांबं कुठलं जळतंय!
जळतं ते तांब्याचं नेसणं,
नजरेला न दिसणारा इनॅमलचा थर.
तार तारेला नागडी भेटली
की मोटार गेली.

भादव्यात चार दिवस पोट बिघडलं, बरं झालं.
पंधरा दिवसांनी तळव्यांना मुंग्या आल्या.
मुंग्या पोटऱ्या चढल्या, गुडघे चढल्या,
आणि एका सकाळी हातातली पक्कड पडली.
पडली हे कळलं ते आवाजानं.

मिरजेला नेलं.
डॉक्टर मुजावरबाईंनी गुडघ्यावर
रबरी हातोडी मारली. पाय गप्प.
मग वायरी लावून टिचक्या दिल्या,
पडद्यावरची रेघ बघत म्हणाल्या,
"सेकंदाला पन्नास मीटर जायला हवं,
तुमचं अठरावर आलंय."
"व्होल्टेज कमी?"
त्या हसल्या नाहीत. बरं वाटलं.
"तार शाबूत आहे, कुंतीनाथ.
वरचं आवरण सोललंय. मायलिन म्हणतात त्याला.
जंतूंवर सोडलेले तुमचेच राखणदार
घरच्यांना ओळखेनात."
मी छताकडं बघत पडलो.
"म्हणजे इनॅमल गेलं म्हणा की."

औषधाच्या एकेका बाटलीची किंमत
मी मोटारीत मोजली:
पाच हॉर्सपॉवर, नवी कोरी.

एका रात्री राउंडला आल्या तेव्हा बाईंनी
सलाइनच्या खोक्यावर पेनानं चित्र काढलं.
एक पेशी. तंतूच्या एवढ्याशा तुकड्याभोवती
स्वतःलाच गुंडाळत राहते,
वीस फेरे, पन्नास फेरे, जन्मभर तेवढंच काम.
मग जराशी उघडी जागा.
मग पुढची पेशी.

"उघडी जागा?"
मी उठून बसायला गेलो. बसता येईना.
"बाई, आमच्यात उघडी जागा राहिली
तर गिऱ्हाइकाचे पैसे परत द्यावे लागतात."
"इथं तीच कामाची," त्या म्हणाल्या.
"निरोप उडी मारतो, उघड्यावरून उघड्यावर.
सगळंच उघडं असतं तर रांगत गेला असता,
सगळंच झाकलं असतं तर वाटेत विझला असता."

त्या रात्री डोळा लागला नाही.
तेहतीस वर्षं मी डोळ्यात तेल घालून बसलो,
कुठं टाचणीएवढं उघडं राहू नये म्हणून.
आणि माझ्याच मांडीत, कुणी न सांगता,
मापात उघडं ठेवत गेलेला हा कारागीर!
कुणाच्या हाताखाली शिकला असेल?

रत्नप्रभा पोटऱ्या चोळायची.
तिचा हात दिसायचा. कळायचा नाही.
मी उगाच म्हणायचो, जरा खाली, हां, तिथंच.
तिला ते कळायचं.

दिवाळी सरली आणि डावा अंगठा हलला.
तिनं पाहिला. मी झोपलो होतो.

आता दुकानात बसतो. उभं राहायला काठी लागते.
इर्शाद फेरे घालतो, मोठ्यानं मोजत,
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास,
आणि मध्येच त्याचं मोजणं सोडून
मी दुसरंच काहीतरी ऐकत राहतो,
गुडघ्याच्या खाली कुठंतरी.

"किती वेळ रे?" बाबगोंडा फाटकातून ओरडतो,
"रात्री लाइट आहे, ऊस वाळाय लागलाय!"
"वार्निश सुकू दे," मी म्हणतो.
"ओलं असताना चालू केलीस
तर परत माझ्याकडंच आणशील."
तो मोटारसायकल बंद करतो,
पायरीवर बसतो, तंबाखू मळतो.
इर्शाद विचारतो, कुठपर्यंत आलो होतो?
मी सांगतो, पहिल्यापासून मोज.